घरच्यांचं माप

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. वस्तादांना जाऊन पाच वर्षं झाली होती, दुकानाला लोक अजून वस्तादांचंच दुकान म्हणत होते, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे थोरल्या सुनेच्या सासूबाई, चार महिन्यांत तिसऱ्यांदा पडल्या होत्या.

पहिल्यांदा जिन्यावर, शेवटच्या तीन पायऱ्या. दुसऱ्यांदा मागच्या दारात, हातात धुण्याची बादली घेऊन. ही दोन पडणी घरातल्या घरात जिरली. तिसऱ्यांदा मात्र त्या भर दुकानात पडल्या, बूट घ्यायला आलेल्या एका वकिलाच्या पुढ्यात. वकिलाने त्यांना उचलून खुर्चीत बसवलं आणि जाता जाता सहज विचारलं, "आजींकडे बघायला कुणी नाही का हो घरात?" पन्नास वर्षं ज्या दुकानात कुणी टाक्याला नाव ठेवलं नव्हतं, तिथे हे ऐकावं लागलं. आता दुकान चालवणाऱ्या थोरल्या मुलाला ते असं झोंबलं की त्याने त्याच दिवशी बहिणीला आणि भावाला निरोप धाडले.

म्हणून त्या रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, तिघं भावंडं खाली कारखान्यात जमली. वर बसायची चांगली खोली होती. पण या घरातलं कुठलंही मोठं बोलणं कधी वर झालंच नाही. ते व्हायचं चामडं कापायच्या त्या लांब टेबलाभोवती. थोरल्याचं लग्न तिथे ठरलं. धाकट्याला वस्तादांनी "तुझा हात या कामाचा नाही, तू आपलं ऑफिस गाठ" असं सांगितलं तेही तिथेच. मेण, सरस आणि नव्या चामड्याचा वास, खिडकीशी सासूबाईंचं शिवणयंत्र, आणि भिंतभर फळ्यांवर कलबुतं. कलबूत म्हणजे लाकडाचं पाऊल. त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. गिऱ्हाइकांची कलबुतं उघड्या फळ्यांवर असत, शेकड्यांनी. घरच्यांची मात्र काचेच्या कपाटात, वस्तादांनी स्वतःच्या हाताने कोरलेली.

टेबलाच्या एका टोकाला सासूबाई. त्यांच्या शेजारी थोरला, समोर धाकटा, आणि मधोमध, हातात अर्ज आणि पेन घेऊन, मास्तरीण. ती मधली, मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. लग्न केलं नव्हतं, आणि सगळ्या जगाला ती आपला वर्ग समजायची. दाराजवळच्या स्टुलावर थोरल्याची बायको बसली होती. तिला घरात सगळे मापाडी म्हणत. नाव वस्तादांनीच ठेवलेलं. लग्न होऊन आली त्या वर्षी त्यांनी तिच्या हातात टेप दिली आणि तेव्हापासून, म्हणजे तेवीस वर्षं, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाशी बसून माप घेण्याचं काम तिचं.

"प्रश्न चौथा," मास्तरणीने वाचलं. "आधाराशिवाय चालता येते काय?"

"नाही," धाकटा म्हणाला.

"येतं," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरणीने 'नाही'वर खूण केली.

"अगं, मी येतं म्हटलं."

"आई, तू मध्ये बोलू नकोस ना. गंभीर विषय आहे."

"मध्ये? माझ्या पायांचं चाललंय आणि मी मध्ये?"

"प्रश्न पाचवा. जिना चढता येतो काय?"

"चढता येतो, उतरताना पंचाईत," धाकटा म्हणाला आणि स्वतःच हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

अर्ज गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाचा होता. तिथे एक खाट रिकामी झाली होती. सोमवारी सकाळी दहापर्यंत उत्तर द्यायचं, नाहीतर खाट दुसऱ्याला. डॉक्टरांनी सासूबाईंचं काळीज तपासलं होतं, डोळे तपासले होते, रक्त तपासलं होतं. सगळं ठीक. मग ते म्हणाले होते, "वय झालं." हे दोन शब्द घरात आले आणि सगळ्यांना हायसं वाटलं. कारण वय झालं म्हटलं की कुणाची चूक उरत नाही.

मापाडीलाही वाटलं होतं हायसं. तेवीस वर्षं या बाईचे टोमणे ऐकले. चहा पातळ, हात जड, बोलणं फार. आता खिडकीजवळ ते यंत्र नसेल, यंत्रामागचा तो चष्मा नसेल. आदल्या रात्री नवऱ्याने विचारलं होतं, "तुझं काय म्हणणं?" आणि ती म्हणाली होती, "तुम्ही भावंडं ठरवाल ते." नाही न म्हणणं म्हणजे हो म्हणणंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण आता मास्तरीण एकेक प्रश्न वाचत होती, पेन 'नाही'वर जात होतं, आणि सासूबाई दरवेळी बोलत होत्या, आणि दरवेळी त्यांचं बोलणं हवेत जात होतं. बाई खाष्ट होती. पण मुकी नव्हती.

"प्रश्न आठवा. स्मरणशक्ती."

"त्यात लिही," सासूबाई म्हणाल्या, "की तू सातवीत असताना माझ्या कातरीने वर्गातल्या पोरीची वेणी कापलीस, आणि वस्ताद शाळेत गेले होते, आणि मी तुझी बाजू घेतली होती. सगळं आठवतंय म्हणावं."

मास्तरणीचे कान लाल झाले. "स्मरणशक्ती ठीक," ती पुटपुटली आणि पान उलटलं.

तेवढ्यात थोरला उठला. कोपऱ्यातल्या फळीवरून त्याने कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि आईपुढे ठेवलं. काळे बूट. कोवळ्या वासराचं चामडं, आत मऊ अस्तर, टाका असा की बोटालाही लागू नये. चार दिवस तो हेच करत बसला होता.

"तिथे जाताना तुला," तो म्हणाला आणि सुट्या कापडाची घडी घालू लागला.

थोरला वाईट नव्हता हो. हे या घरातलं सगळ्यात मोठं दुखणं होतं, की वाईट कुणीच नव्हतं.

तो गुडघ्यावर बसला. शिंगाची पट्टी लावून त्याने आईच्या पायात बूट चढवले, नाड्या बांधल्या. "चालून दाखव बरं. खिडकीपर्यंत."

सासूबाई उभ्या राहिल्या. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला त्यांचा डावा पाय बाहेर कलला, हात हवेत गेले, आणि धाकट्याने धावत जाऊन त्यांना धरलं. त्यांच्या डोक्यावरून तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बघा, असं ते पाहणं होतं.

मापाडी मात्र डोक्याकडे बघत नव्हती. तिला माणसांच्या चेहऱ्यांची सवयच नव्हती. तेवीस वर्षं ती जगाकडे गुडघ्याच्या खालून बघत आली होती. तिने पाहिलं, की सासूबाई टाच टेकवतच नाहीत. पाय बाहेरच्या कडेवर टाकतात. आणि अंगठ्याच्या सांध्यापाशी त्या कोऱ्या चामड्याला, तीन पावलांत, फुगवटा आलाय.

"बूट काढा," ती म्हणाली.

"काय?"

"आई, बसा. बूट काढते मी."

"मला काही झालेलं नाही," सासूबाई फणकारल्या. "बूट छान आहेत. पोराने जीव ओतलाय."

"मोजेही काढते."

"मोज्यांना हात लावायचा नाही!"

असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. मापाडीच्या लक्षात आलं, की एका छपराखाली तेवीस वर्षं काढून आपण या बाईचा उघडा पाय एकदाही पाहिलेला नाही. त्या मोजे दार लावून बदलायच्या. आपण समजलो, मानी आहेत.

तिने मोजे उतरवले.

मास्तरीण "अगं बाई" म्हणाली आणि पेन टेबलावर पडलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. बोटं एकावर एक चढलेली. करंगळ्यांवर वाटाण्याएवढी कुरुपं. डाव्या टाचेवर जखम बरी होऊन पुन्हा फुटलेली, पुन्हा बरी होऊन पुन्हा फुटलेली.

मापाडी उठली. खाकी कागदाचा ताव तिने जमिनीवर पसरला, खिशातून पेन्सिल काढली. "उभ्या राहा यावर. भार दोन्ही पायांवर."

"काय करतेस?" थोरला म्हणाला.

"माप घेते."

"घरच्याचं?"

या शब्दाला या घरात वजन होतं. वस्ताद म्हणायचे, गिऱ्हाईक परकं, त्याचा पाय दर खेपेला मोजावा. घरचं माणूस आपलं, त्याचा पाय आपल्याला पाठ असायला हवा. म्हणून घरच्याचं कलबूत एकदाच कोरायचं. मुलगा-मुलगी पंचवीस वर्षांची झाली की, आणि सुनेचं ती घरात येते त्या वर्षी. मग जन्मभर बूट त्याच्यावरच. पुन्हा टेप लावणं म्हणजे वस्तादांचा हात चुकला असं म्हणणं. सासूबाईंचं कलबूत वस्तादांनी कोरलं ते अठ्ठावीस साली. त्या पंचविशीत होत्या.

मापाडीने पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग काचेच्या कपाटाकडे गेली, दार उघडलं, सासूबाईंचं कलबूत काढलं, त्यांना कागदावरच पाऊलभर मागे सरायला लावलं आणि ते रेघेच्या आत ठेवलं.

बूट करायचा तर लाकूड पायाहून थोडं मोठं हवं, बोटांना जागा राहावी म्हणून. इथे पायच लाकडाबाहेर चारी बाजूंनी सांडला होता. अंगठ्यापाशी तर पुरतं एक बोट.

"पाय सुजला असेल," धाकटा म्हणाला.

"सुजलेला नाही. वाढलाय." मापाडीचा आवाज चढायला लागला. "भावजी, पोस्टमनचा पाय पन्नाशीनंतर एक नंबर वाढला. त्या संगीतवाल्या बाईंचा साठीत दीड. कमान खाली बसते, पाऊल लांबतं, पसरतं. माझ्याकडे सातशे गिऱ्हाइकांची कार्डं आहेत, कुणाचंही काढून बघा. पोराचा पाय थांबतो तो थोडा दम खायला. पुढे जन्मभर तो चालूच असतो. हे मला माहीत आहे, यांना माहीत आहे," तिने नवऱ्याकडे बोट केलं, "आणि दिव्याखाली हा अंधार! सांगा, आई पहिल्यांदा कधी पडल्या?"

"जूनमध्ये," मास्तरीण म्हणाली. तारखा तिला पाठ.

"आणि वस्तादांनी शिवलेले जुने बूट फाटले म्हणून यांनी नवे कधी दिले?"

थोरल्याने खाली बघितलं. "मेच्या शेवटी. वाढदिवसाला."

"जुने घालून घालून सैलावले होते. त्यात भागत होतं. तुम्ही त्याच लाकडावर कोरे करकरीत चढवलेत, आणि त्या पडायला लागल्या. काळीज तपासलं, डोळे तपासले, रक्त तपासलं. बूट शिवणाऱ्यांचं घर हे, आणि एकानेही पाय तपासला नाही! वाटेवरचा परका आला तर त्याला आपण विचारतो, कुठे चावतं, कुठे दाबतं. आईंना विचारलं कुणी? सरळ खाट बघितलीत!"

"तूही होतीस घरात," थोरला म्हणाला. मोठ्याने नाही, पण लागेल असं.

"होते. माझ्याच अंगाची आग होतेय मघापासून, तुम्हाला काय वाटलं?"

मास्तरीण सावरली होती. "वहिनी, पाय दुखतो हे कळलं, बरं झालं. पण पायाचं माप बदलून वय उतरत नाही. आज बूट, उद्या गुडघा, परवा आणखी काही. शाळेत फोन वाजला की माझ्या काळजाचं पाणी पाणी होतं. आईच असेल, असं वाटतं. तुम्ही सगळे गुंतलेले. शेवटी धावायचं कुणी? जिला नवरा नाही, पोर नाही तिने. हे कुणी बोलत नाही, पण ठरलेलं आहे सगळ्यांचं."

हे खरं होतं. मापाडी पहिल्यांदाच जरा नरमली. "वन्सं, ते तुम्ही तसं बोलायचं होतं. 'मला भीती वाटते' म्हणायचं. आईच्या तोंडावर 'नाही, नाही' अशा खुणा कशाला?"

"मी तर आधीपासून म्हणत होतो," धाकटा म्हणाला, "की घाई करू नये."

त्याच्या बहिणीने त्याच्याकडे असं पाहिलं, की एखाद्या विद्यार्थिनीने शाळा सोडली असती. "चालता येत नाही म्हणून आधी कोण ओरडलं?"

"मी पायांच्या बाबतीत म्हटलं नव्हतं. आणि खरं सांगू का, वस्तादांचं कलबूत मलाही कधी झेपलं नाही. म्हणून तर मी बाजारचे बूट घालतो."

"तू म्हणायचास ऑफिसचा नियम आहे!" थोरला ओरडला.

"आता तू म्हणतोस तर नियम नाहीये."

एवढ्यात सासूबाई बोलल्या. इतका वेळ त्या कागदावरच उभ्या होत्या, अनवाणी, स्वतःच्या पायाकडे बघत.

"दुखतं ते ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "वस्ताद होते तेव्हापासून. सांगणार काय? तुमच्या हाताची रेघ चुकली? सगळं गाव म्हणायचं, वस्तादांना पाय पाठ असतात. मी त्यांची बायको. मीच म्हणू, माझाच पाय पाठ नाही तुम्हाला?"

"म्हणून पडत राहिलात," मापाडी म्हणाली.

"पडले तर पडले."

"आणि मला काय म्हणाला होतात?" मापाडीचं तोंड सुटलं ते आता थांबेना. वीस वर्षांचं साचलेलं होतं. "मुलगी झाल्यावर माझा पाय वाढला. बूट चावायला लागले. मी तुमच्याकडे आले, याच टेबलाशी. तुम्ही यंत्र थांबवलंसुद्धा नाहीत. म्हणालात, लग्नानंतर बाईचा पाय वाढत नसतो, तिचे लाड वाढतात. तेव्हापासून मी बोटं दुमडून चालतेय. त्या वेळी तुमचीही दुमडलेली होती, आणि तरी म्हणालात!"

मास्तरीण आणि धाकटा दोघंही भिंतीकडे बघायला लागले. थोरल्याने बायकोच्या पायांकडे पाहिलं, जणू तिला पाय आहेत हे त्याला आत्ताच कुणीतरी सांगितलं.

"तू एकदाच बोललीस," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, खरंच दुखत असतं तर पुन्हा बोलली असती. मी असते तर वीस वेळा बोलले असते."

"तुम्ही चाळीस वर्षांत एकदाही बोलला नाहीत!"

सासूबाईंच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. रडणार असं वाटलं. पण त्या हसत होत्या, कडवट, नाकातून. "आपण दोघी मूर्ख," त्या म्हणाल्या. "पण तू थोडी कमी."

थोरला कलबूत हातात घेऊन उभा होता. "मी याच्यावर चामड्याच्या पट्ट्या चिकटवतो," तो म्हणाला. "अंगठ्यापाशी, चवड्यापाशी. गिऱ्हाइकांच्या कलबुतांना करतो तसं. लाकूड वस्तादांचंच राहील."

"ठिगळं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी त्यांचं काम मोडू?"

"त्यांनी पंचविशीतली बाई कोरली होती. चांगली कोरली होती, काही चूक नव्हती त्यांची. पण ती बाई गेली रे कधीच. तिच्या अंगावर पट्ट्या चिकटवून मी कशी होणार?" त्यांनी त्याच्या हातातून ते लाकूड घेतलं आणि टेबलाखालच्या भंगाराच्या पेटीत टाकलं. आवाज झाला तसा थोरला दचकला. "एकाहत्तर वर्षांची कोर. हात थरथरत असेल तर तसं सांग, दुसरा कारागीर बघते."

थोरल्याच्या मानेची शीर फुगली. त्याने पेटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग कागदाचा तो ताव उचलला, घडी न करता, दोन्ही हातांत धरून, आणि लाकडं ठेवलेल्या मागच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने आतून करवतीचा आवाज आला.

"आणि उद्या दहा वाजता मी काय सांगू त्यांना?" मास्तरीण म्हणाली. तिच्या आवाजातला वर्ग आता सुटला होता.

"अर्ज दे इकडे."

सासूबाईंनी चष्मा लावला. मास्तरणीने केलेल्या खुणा त्यांनी एकेक करून खोडल्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे आपल्या ताठ अक्षरांत उत्तर लिहिलं. चौथ्या प्रश्नापुढे, 'आधाराशिवाय चालता येते काय?' तिथे त्यांनी लिहिलं, 'बूट मापाचा असेल तर.' खाली सही केली. "हे असंच्या असं नेऊन दे. तरी त्यांना मी हवी असेन, तर विचार करीन. आणि तू बुधवारी शाळा सुटली की इकडे येत जा. पडले नसले तरी ये."

आश्रमाने ती खाट दुसऱ्या कुणाला दिली. कळवलंसुद्धा नाही.

सासूबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. नऊ वर्षं त्या रोज बाजाराच्या टोकापर्यंत चालत जायच्या आणि वाटेत भेटेल त्याच्या चालीला नावं ठेवायच्या. शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली, ती मात्र खरीच वयामुळे. अंघोळ घालायला मापाडीच लागायची, तिच्यावर ओरडायलाही तीच. चुकले असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

थोरल्याने त्या वर्षअखेर काचेचं कपाट रिकामं केलं आणि सगळ्यांना खाली बोलावून पुन्हा मापं घेतली. बायकोच्या पायाशी बसला तेव्हा तो बराच वेळ उठेना. बापाबद्दल तो एक शब्द वावगा बोलला नाही, पण 'पाठ आहे' हे म्हणणं त्याने कायमचं सोडलं. नव्वद साली खिडकीजवळ काम करताना गेला.

धाकट्याची बदली झाली, मग बढती. त्याच्या घरी ही गोष्ट अजून सांगतात. तिथे चूक त्याने शोधून काढली होती.

मास्तरणीने आईच्या मरणापर्यंत एकही बुधवार चुकवला नाही. सत्तरीला आली तेव्हा कुणालाही न विचारता स्वतःच अर्ज भरून त्याच वृद्धाश्रमात गेली. तिथल्या जेवणाच्या वेळा बदलायला लावल्या, वाचनालय काढलं, व्यवस्थापकाला दोनदा रडवलं. ती तिथे सुखात होती. घरात राहिली असती तर तेवढी सुखात नसती.

मापाडी आता त्याच घरात राहते. दुकान मुलीने भाड्याने दिलंय, खाली औषधं मिळतात. मागच्या हिवाळ्यात तिला ताप आला म्हणून नवा डॉक्टर बोलावला. तरुण, नीटनेटका माणूस. त्याने तिच्या छातीला नळी लावली आणि पलंगाच्या पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या मुलीला विचारलं, "यांना भूक लागते का?"

मुलगी बोलणार, तोच मापाडी उशीवर उठून बसली. "यांना राग येतो," ती म्हणाली, "अगदी वेळच्या वेळी. भुकेचं काय ते इकडे तोंड करून विचारा."